बाबांचे तास

पहाटे ५:१५

आमच्या घरात सगळ्यांत आधी उघडतो तो मिसळणाचा डबा. दोन वर्षांपूर्वी आईनं त्यातली मोहरी, जिरं, हळद बरण्यांत ओतली, डबा चिंचेनं घासून उन्हात वाळवला आणि त्यात बाबांच्या गोळ्या मांडल्या. मोहरीच्या वाटीत साडेपाचची, जिऱ्याच्या वाटीत साडेनऊची, हळदीच्या वाटीत दुपारची. चाळीस वर्षं कोणती वाटी कुठे हे तिच्या हाताला पाठ आहे, त्यामुळे अंधारात चष्मा शोधावा लागत नाही. मी फार्मसीची पदविका घेतलेला माणूस, खामगावात एकवीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो. मी आणलेला वारांची नावं छापलेला प्लॅस्टिकचा डबा तिनं नातीला बटणं ठेवायला देऊन टाकला.

बाबा त्र्याहत्तर वर्षांचे. पार्किन्सन्सचं निदान होऊन नऊ वर्षं झाली. रात्रभरात गोळीचा अंमल उतरलेला असतो, पहाटे ते पलंगावर लाकडासारखे पडून असतात. कूस बदलणं हेच मोठं काम. त्यावरही आईचाच उपाय: गादीवर तिची जुनी सिल्कची साडी अंथरलेली. सुती चादरीवर अंग अडकतं, सिल्कवर घसरतं.

"काहो, उठता का?"

"थांब. पाय झोपेल हायेत अजून."

५:३०

दीड गोळी, घोटभर पाणी. चहा नाही, बिस्किट नाही. मग वाट बघायची. डॉक्टरांच्या भाषेत याला 'ऑफ' म्हणतात आणि गोळी चढली की 'ऑन'. बाबांनी हे शब्द घेतलेच नाहीत. विदर्भात वीज जाते तेव्हा आम्ही 'लाईन गेली' म्हणतो. बाबांची गोळी उतरली की लाईन गेलेली असते, चढताना 'सिंगल फेज' येते आणि पूर्ण चढली की 'थ्री फेज आली' म्हणून ते स्वतःच पाय खाली सोडतात. तीस वर्षं ज्यांनी थ्री फेजच्या वेळापत्रकावर रात्री-अपरात्री विहिरीवरचा पंप चालू केला, त्यांना हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

काय होतं ते दुकानदाराच्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी काळपट रंगाच्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात, आणि हालचाल सुरू करणं, तिचा वेग राखणं यासाठी ते लागतं. या आजारात त्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. डोपामिन गोळीतून द्यावं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याच्या आधीच्या पायरीवरचा पदार्थ, लेव्होडोपा, मात्र शिरतो. तोच हा.

६:१५

बाबा दारापर्यंत येतात आणि उंबऱ्याशी थांबतात. थांबतात म्हणजे पाय जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे, पाय मागे. पडण्याची वेळ नेमकी हीच.

उंबऱ्याच्या आत-बाहेर आईनं रांगोळीच्या पाच रेघा ओढलेल्या असतात. आडव्या, वीतभराहून थोड्या जास्त अंतरानं. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, ही कसली रांगोळी, रस्त्यावरच्या पट्ट्यांसारखी? बाबा खाली बघतात, पहिल्या रेघेवर टाच टेकवतात, मग दुसरीवर. पाच रेघांत उंबरा ओलांडून ओट्यावर.

ही युक्ती आईला कोणी शिकवली नाही. निदानाच्या दुसऱ्या वर्षी पिंपळगाव राजाकडच्या आमच्या वावरात तिला दिसलं, की घरात दाराशी अडखळणारा हा माणूस पऱ्हाटीचे तास ओलांडताना सरळ चालतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तास म्हणजे पेरणीच्या ओळी. एकेक तास ओलांडायला पाय उचलावाच लागतो आणि तो उचलला जातो. घरी येऊन तिनं उंबऱ्याला तास काढले. लंडनच्या पर्डन मार्टिन या मेंदूतज्ज्ञांनी अशाच आडव्या रेघांवरून चालणाऱ्या रुग्णांचं वर्णन १९६७च्या त्यांच्या पुस्तकात केलंय, हे मला नंतर वाचायला मिळालं. आपण एरवी चालतो ते न बघता, सवयीनं. ही सवयीची वाट या आजारात बिघडते. डोळ्यांनी रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो, मुद्दाम ठरवून. मार्टिन यांचं नाव सांगितल्यावर आई म्हणाली, "त्याचंबी वावर असन."

७:००

पोहे. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून एकाच दारानं शिरतात, आणि मेंदूत शिरायचं दारही दोघांचं एकच. वरण, दही, अंडं, झुणका गोळीबरोबर पोटात गेला की दाराशी चेंगराचेंगरी होते आणि गोळी मागे राहते. म्हणून आमच्याकडे वरण-भात रात्री, दिवसा पोहे, भाकरी-भाजी. जेवण आणि गोळीत किमान अर्धा तास. सुनेनं हौसेनं केलेला झुणका सकाळी खाऊन बाबा एकदा अकरापर्यंत ओट्यावर तसेच बसून राहिले होते. ती बिचारी रडली.

८:४५

शटर वर. अगरबत्ती, गजानन महाराजांच्या फोटोला हार, कालच्या उधारीवर एक नजर. मग अकोल्याच्या स्टॉकिस्टला फोन: काय शॉर्ट आहे? पार्किन्सन्सची एखादी गोळी महिन्या-दोन महिन्यांतून शॉर्ट असतेच. माझ्याकडून ही औषधं नेणारी घरं चौदा आहेत. त्यांच्यासाठी एक खोकं मी कायम मागे ठेवतो. बीपीची गोळी दोन दिवस चुकली तर गिऱ्हाईक निदान चालत तरी येतं.

या गोळ्यांचे आकडे फसवे आहेत. पाकिटावर ११०, १२५, २७५ असतं, ती बेरीज आहे. एकशे दहा म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा, एकशे पंचवीस म्हणजे १०० आणि २५. कार्बिडोपा मेंदूत जात नाही. लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूच्या बाहेरच होऊ नये म्हणून ते पहारा देतं. बाहेर झालं की मळमळ, उलट्या. पहारा नीट बसायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. एकशे दहाच्या चार गोळ्यांत ते फक्त ४० भरतं. एकदा एक पोरगा सांगत आला, बाबाले गोळी सोसत नाही, ओकून टाकते, बंद करून टाकू का? चिठ्ठी बघितली, डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एकशे पंचवीस करून दिली. ओकारी गेली. दोन्ही पाकिटं फळीवर शेजारी-शेजारी असतात, तेवढाच फरक.

९:३०

घरी फोन. "दिली?" "दिली." माझ्या बायकोच्या भाषेत हा 'हजेरीचा फोन'.

११:१०

काउंटरवर घाई. सोयाबीन काढणीवर आलंय, पऱ्हाटीवर फवारण्या चालू आहेत. एक म्हातारी मुलाच्या आधारानं येते, नांदुऱ्याकडची.

"भाऊ, ती गॅसची कॅप्सूल द्या. निळी-पांढरी."

कॅप्सूलचा पत्ता काढून ठेवतो आणि तिच्या हाताकडे लक्ष जातं. पर्सची चेन उघडताना दोन्ही हात थरथरतायत. जबडाही. चेहऱ्यावर काही हलत नाही, डोळ्यांची उघडझापही कमी.

"मायले लकवा येऊन रायला का भाऊ?" पोरगा हळूच विचारतो.

"ही कॅप्सूल कधीपासून घेतात?"

"मागच्या पोळ्यापासून. लय बरं वाटते म्हणे तिले."

पत्ता परत फळीवर. त्या कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड असतं. जठर लवकर रिकामं व्हावं म्हणून ते देतात, पण मेंदूत ते डोपामिनच्याच कुलपांत जाऊन बसतं. डोपामिन असतं, पण किल्ली लागत नाही. वर्षभर घेतलं की वयस्कर माणसात हुबेहूब पार्किन्सन्स दिसतो. उलटीसाठीच्या मेटोक्लोप्रमाइडनं हेच होतं, चक्करेच्या सिनॅरिझिन आणि फ्लुनारिझिननं हेच होतं. भारतातल्या मेंदूतज्ज्ञांनी लेव्होसल्पिराइडबद्दल कित्येक वेळा लिहिलंय. डॉक्टरनं ते दोन आठवड्यांसाठी लिहिलेलं असतं. पुढचे अकरा महिने चिठ्ठीशिवाय देणारा मीच. या बाईला सहा पत्ते माझ्या हातून गेलेत. वहीत आहेत.

मुलाला बाजूला घेतलं. तिच्या डॉक्टरांना फोन लावला, माझं चुकलं हेही सांगितलं. कॅप्सूल बंद. अशी थरथर बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. नाही ओसरली तर मागे खरा आजार दडलेला असू शकतो, मग अकोल्याला मेंदूवाल्यांकडे. हे सगळं मी गर्दीत, मागे 'भाऊ, लवकर' चालू असताना सांगितलं. तिला काय कळलं असेल ते असो. ती म्हणाली, "मंग गॅसचं कसं?"

या आजाराच्या संशोधनाचं दार अशाच थरथरीनं उघडलं. सर्पगंधा, आपल्याच जंगलातली मुळी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा गुण इंग्लंडच्या नियतकालिकात आकड्यांनिशी मांडला, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण उदास व्हायचे, काहींचे हात थरथरायचे, अंग आखडायचं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे कान पाडून, डोळे मिटून पडले. मग लेव्होडोपा टोचलं, आणि काही मिनिटांत ससे उठून बसले. डोपामिन हे मेंदूचं स्वतःचं काम करणारं रसायन आहे, हे तिथून कळलं. त्याच १९५७ साली वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. कार्लसन यांना नोबेल मिळायला २००० उजाडलं. माझ्या काउंटरवरची बाई म्हणजे कार्लसनचा ससा आहे, असं एकदा मनात येऊन गेलं आणि लाज वाटली.

१:३०

हळदीच्या वाटीची वेळ. हा फोन मी कधीच चुकवत नाही, त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांना तापात एका मोठ्या दवाखान्यात भरती केलं होतं. नाव लिहीत नाही. असं कुठेही होऊ शकतं. वॉर्डात गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या: आठ, दोन, दहा. साडेपाचची गोळी आठला मिळाली, साडेनऊची दोनला. मी काउंटरवर सांगितलं, नर्सला सांगितलं. "सगळ्यांना एकच टायमिंग आहे दादा." संध्याकाळी उलट्या झाल्या, मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. एका बाजूनं लाईन उशिरा, दुसऱ्या बाजूनं फ्यूज काढलेला. रात्री बाबांना थुंकी गिळता येत नव्हती. एक शिकाऊ डॉक्टर, पोरगीच, माझं म्हणणं उभ्यानं ऐकून गेली आणि तिनं चार्टवर लाल पेनानं गोळ्यांच्या वेळा लिहिल्या. उलटीसाठी डोम्पेरिडॉन दिलं, ते मेंदूत फारसं शिरत नाही. दोन दिवसांनी बाबा बसले. तेव्हापासून त्यांच्या खिशात एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं: माझा नंबर, पाच वेळा, आणि न चालणाऱ्या औषधांची नावं.

२:३०

दुकानात शुकशुकाट. डबा खाऊन मी कागद काढतो. गेली काही वर्षं या तासाला मी पार्किन्सन्सवर मिळेल ते वाचतो. इंग्रजी अडतं, पण औषधांची नावं ओळखीची असल्यानं निभतं.

आज कवचबीजाचे कागद. परवा जळगाव जामोदकडचा एक माणूस सातपुड्यातल्या वैदूनं दिलेली पूड घेऊन आला होता: "याच्यानं कंपवात जाते म्हणते, खरं काय?" हसण्यावारी नेता येण्यासारखं हे नाही. खाजकुयली, जिच्या शेंगेला पोरं हात लावत नाहीत, तिच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, खरंच लेव्होडोपा आहे. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी तो वेगळा काढून दाखवला, सशांच्या वीस वर्षं आधी. १९७८ मध्ये मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी ही पूड पार्किन्सन्सच्या रुग्णांना देऊन निष्कर्ष छापले. १९९५ मध्ये तिच्यापासून बनवलेलं एचपी-२०० हे औषध ६० रुग्णांवर १२ आठवडे तपासलं गेलं. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये आठ रुग्णांना ३० ग्रॅम पूड आणि नेहमीची गोळी आलटून-पालटून दिली. पूड निम्म्या वेळात चढली, ३५ मिनिटांच्या आसपास, आणि अंमलही जास्त टिकला. ही थाप नाही, मोजलेलं आहे.

मग मी विकत का नाही? सातपुड्यातल्या त्या पुडीत किती लेव्होडोपा आहे हे वैदूलाही माहीत नसतं. पीक, जमीन, भाजणं, दळणं, सगळ्यानं ते बदलतं. पहारा देणारं कार्बिडोपा त्यात नाही. आणि हा माणूस डॉक्टरची गोळीही घेतोय, म्हणजे दोन विहिरींचं पाणी एकाच पाटात. त्याला मी एवढंच म्हटलं, पूड घ्यायची तर डॉक्टरला दाखवून घे, लपवून नको. "त्यायले सांगतलं तर रागावते." रागावू दे, म्हटलं.

दुसरा कागद बाबांसाठी काढलेला. बाबांनी बत्तीस वर्षं पाठीवरच्या पंपानं फवारणी केली, तोंडाला कधी दुपट्टा, कधी काही नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण नशेची पूड टोचून घेतल्यावर एकाएकी गोठल्यासारखे झाले. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला, तर पुडीत चुकून एमपीटीपी तयार झालेलं. शरीरात त्याचं जे रसायन होतं, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती. तिथून फवारणीचा संशय सुरू झाला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला: पॅराक्वाट किंवा रोटेनॉन हे कीटकनाशक वापरलेल्यांत पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीच पट. २०१२ मध्ये फ्रान्सनं कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स कामातून आलेला आजार म्हणून मान्य केला.

बाबांना मी हे सगळं एकदा सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आपल्या गावात फवारणी सगळ्यायनंच केली. मलेच काउन झालं?" याचं उत्तर अडीच पट या आकड्यात नाही. एका माणसाचा आजार कशातून आला हे असल्या आकड्यावरून ठरत नाही, हे मला कळतं, तरीही त्या दिवसापासून मी पंपाकडे पहिल्यासारखा बघू शकत नाही.

३:२०

एक पंचविशीचा पोरगा. फवारणीवरून सरळ आलेला, शर्ट ओला, डोळे लाल, "डोकं दुखते, चक्कर येते, गोळी द्या." गोळी नाही. यवतमाळचं २०१७ आठवतं, फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली होती. साबणानं हात-तोंड धुवायला लावलं, माझा जुना शर्ट दिला, माझ्या पोराच्या गाडीवर बसवून सामान्य रुग्णालयात धाडला. जाताना म्हणाला, "पैसे?" म्हटलं, शर्ट आणून दे.

त्याच्या शर्टाचा वास तासभर दुकानात होता. हाच वास बाबांना यायचा थांबला होता, आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं. निदानाच्या किती आधी, कोण जाणे. दूध करपलं तरी बाबा त्याच खोलीत शांत बसलेले असायचे, आई चिडायची. वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेत ओरडणं: ही या आजाराची पहिली पावलं, थरथरीच्या कित्येक वर्षं आधीची. जर्मनीचे हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं, की आजार मेंदूच्या काळ्या पट्ट्यात सुरू होत नाही, तो वास घेणाऱ्या भागातून आणि मेंदूच्या बुडातून वर चढतो. सगळ्यांत तसंच होतं असं नाही, पण ब्राक यांचं वाचलं की वाटतं त्यांनी आमच्याच घरावरून लिहिलंय.

याची उलटी बाजू म्हणजे स्कॉटलंडच्या जॉय मिल्न. नवऱ्याच्या अंगाचा वास बदललाय हे त्यांना निदानाच्या डझनभर वर्षं आधी जाणवलं. शास्त्रज्ञांनी रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे घातलेले टी-शर्ट त्यांना हुंगायला दिले. त्यांनी एका निरोगी माणसालाही आजारी म्हटलं. चूक धरली गेली. काही महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन्स निघाला. आता मँचेस्टरमध्ये त्वचेच्या तेलकटपणातून निदान करण्याचं काम चालू आहे. २०२३ मध्ये पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून, त्यात चुकीची घडी पडलेलं अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन शोधायची तपासणी मोठ्या गटावर पारखली गेली, दहापैकी जवळपास नऊ रुग्ण तिनं बरोबर ओळखले. आमच्याकडे मात्र निदान अजून हाताच्या बोटांवरच होतं: अंगठा आणि तर्जनी पटपट टेकवा. बाबांची बोटं सातव्या-आठव्या वेळी लहान होत जातात, विझत्या वातीसारखी.

ते आधी दिसलं होतं खरं तर. बाबांची शेताची वही. २००९ची पानं बघा: 'पऱ्हाटी, दुसरी फवारणी, मजूर ४'. अक्षर टपोरं, ओळीतून बाहेर जाणारं. २०१३ मध्ये तेच अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं, २०१५ मध्ये मुंग्यांची रांग. एका बँकेनं सही जुळत नाही म्हणून पीककर्जाचा कागद परत पाठवला होता. आम्ही बँकेला शिव्या दिल्या. बँकेच्या कारकुनाला जे दिसलं ते मला, औषधं विकणाऱ्या पोराला, दिसलं नव्हतं.

५:३०

बाबा स्वतः दुकानात येतात. थ्री फेज असते. खुर्ची, अर्धा ग्लास पाणी, गोळी. त्यांचा आवाज आता इतका हलका झालाय की पंख्याच्या आवाजात जातो. गिऱ्हाईकं वाकून ऐकतात. एका जुन्या मित्राला त्यांनी सांगितलं, "आता मी बोलतो ते लोक माया तोंडाजवळ कान आणून ऐकतात. आधी कोणी ऐकत नव्हतं."

मी या वेळी माझी वही भरतो: चढली कधी, उतरली कधी, मध्ये काय खाल्लं, झोप, पडले का. अकोल्याच्या डॉक्टरांना महिन्याला दहा मिनिटं मिळतात आणि त्या दहा मिनिटांत बाबा नेमके थ्री फेजमध्ये असतात. वही नसती तर डॉक्टरांना बाबा कधी दिसलेच नसते. मुंबईत १९८०च्या दशकात डॉक्टरांनी पारशी वसाहतींत दारोदार जाऊन १४,०१० माणसं तपासली, त्यांत पार्किन्सन्सचे ४६ निघाले, लाखाला ३२८. भारतातला तो गाजलेला आकडा, अनेक वर्षं जगभर उद्धृत होणारा. पारशी समाजात म्हातारी माणसं जास्त, म्हणून प्रमाणही जास्त. माझं दारोदार जाणं म्हणजे चौदा घरांचे फोन आणि एक दोनशे पानी वही.

७:३०

हरिपाठ. गल्लीतल्या मंदिरात आठ-दहा माणसं. बाबांच्या हातात टाळ. ज्यांना शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात त्यांचे हात टाळावर चुकत नाहीत. पावलीच्या वेळी उठून उभे राहिले तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो होतो. पण टाळाच्या ठोक्यावर पाऊल उचललं जातं, पुढे, मागे, जसं उंबऱ्यावर रेघेवर पडतं तसंच, फक्त इथे रेघ कानानं दिसते. ठेक्यावर चालण्याचा हा गुण १९९० च्या दशकात अमेरिकेत मोजला गेला. पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवतात, पार्किन्सन्स मित्रमंडळातली माणसं त्यात नाचतात. आमच्याकडे आषाढीहून गजानन महाराजांची पालखी परत येते तेव्हा खामगावहून शेगावला लाखो माणसं पायी निघतात. बाबांनी गेल्या वर्षी शेवटचे दोन किलोमीटर टाळ घेऊन चालून दाखवले. चालायचं थांबले तेव्हा टाळही थांबले आणि पाय तिथेच चिकटले, मग मी मागून 'एक, दोन' म्हणत गाडीपर्यंत आणलं.

९:००

शटर खाली. दिवसाची बेरीज. नांदुऱ्याच्या पोराचा मेसेज: मायनं कॅप्सूल बंद केली, गॅस वाढला, जिरं पाणी चालते का? चालते, लिहिलं. ओल्या शर्टवाला पोरगा रुग्णालयातून घरी गेला. माझा शर्ट आला नाही.

घरी शेवटची गोळी. मग वरण-भात, बाबांचं आवडतं जेवण, दिवसभर लांबवलेलं.

रात्री २:४०

ओरडण्यानं सगळं घर जागं होतं. कोणी दचकत नाही. ही पंधरा वर्षांची सवय, म्हणजे निदानापेक्षा जुनी. माणसाला स्वप्न पडतं तेव्हा शरीर जखडून राहतं, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी पलंगावरच असतो. बाबांचं ते कुलूप सुटलंय. १९८६ मध्ये अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड यांनी या झोपेचं वर्णन केलं आणि दहा वर्षांनी सांगितलं, की त्यांनी पाहिलेल्या अशा २९ पुरुषांपैकी ११ जणांना पुढे पार्किन्सन्ससारखा आजार झाला. पण मला जास्त चकित करून गेला तो २००७ मधला फ्रान्सचा अभ्यास. अशा स्वप्नात असताना पार्किन्सन्सच्या रुग्णांची हालचाल जलद होते, आवाज मोठा आणि स्वच्छ होतो. जागेपणी जे गेलंय ते झोपेत परत येतं.

"हाकल! हाकल रे! रोही आले! तुरीत घुसले!"

दिवसभर पंख्यापुढे हरणारा तो आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. हात सपासप फिरतात, काठी असावी तसे. दगड भिरकावतात. थरथर नाही. चाळिशीतले बाबा वावराच्या बांधावर उभे आहेत, आणि रात्रीच्या चांदण्यात नीलगायींचा कळप तुरीतून पळतोय.

आई पलंगापासून जरा लांब, भिंतीशी झोपते. एकदा फटका बसल्यापासून. ती उठत नाही, अंधारातूनच म्हणते,

"गेले हो. गेले रोही. धुऱ्यापल्याड गेले. झोपा आता."

बाबा पुटपुटतात, हात खाली येतात. सिल्कच्या साडीवर अंग घसरून सरळ होतं.

मी घड्याळ बघतो. मोहरीच्या वाटीला पावणेतीन तास आहेत.